टगॅनक धबधब्याच्या आसपास रोड बाईक: मार्ग, गिअर आणि टायर

मोगरा_एडिसन
सप्टेंबरच्या मध्यात शनिवार-रविवार दोघं जण न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्क राज्यात इथाकाच्या वर ट्रूमन्सबर्गला मुक्कामाला जातोय. टगॅनक फॉल्स स्टेट पार्क तिथून अगदी जवळ. धबधबा बघायचाच आहे, पण मुख्य हेतू सायकलिंगचा. दोन्ही सायकली रोड बाईक: पुढे ५०/३४ (दोन चक्रं, ५० आणि ३४ दातांची), मागे ११-स्पीड ११-२८ (११ चक्रांची कॅसेट, ११ ते २८ दात), रिम ब्रेक (चाकाची कडा दाबणारे), २५ मिमी टायर. सवय आमच्या इथल्या सपाट कालव्याकाठची, ४० मैल आरामात होतात.

प्रश्न:
१. कायूगा तळ्याकाठचा ८९ नंबर रस्ता सायकलला कसा आहे? शनिवारी ४०-५० मैलांचा गोल फेरा सुचवा.
२. ११-२८ पुरेल का?
३. ब्लॅक डायमंड ट्रेलवर (जुन्या रेल्वेमार्गावरची वाट) २५ मिमी चालतील का?
४. पार्कमध्ये सायकल आत नेता येते का?
५. रविवारी परतायचंय, तेव्हा दुपारपर्यंत संपेल असं काही.

खालचा_गिअर
आधी नकाशा उभा धरा. तिथली तळी उत्तर-दक्षिण पसरलेली आहेत, हाताच्या बोटांसारखी; म्हणूनच फिंगर लेक्स. हिमनद्यांनी जुन्या दऱ्या खरवडून खोल केल्या, त्यात ही तळी साचली. बाजूने येणारे ओढे मात्र वरच राहिले आणि आता ते दरीच्या भिंतीवरून खाली पडतात. टगॅनक असाच पडतो, २१५ फूट, एका धारेत. उंचीने नायगाऱ्यापेक्षा जास्त. माथ्यावर कठीण वाळूखडक, त्याखाली शेल नावाचा ठिसूळ खडक. खालचा थर झिजतो, वरचा तुटून पडतो, म्हणून कडा सरळसोट राहतो.

सायकलवाल्याला याचा अर्थ एवढाच, की ज्या भिंतीवरून पाणी पडतं तीच भिंत तुम्हाला चढायची आहे. कायूगा तळ्याची पातळी ३८२ फूट, ट्रूमन्सबर्ग नऊशेच्या वर, आणि त्याच्या पश्चिमेला कायूगा आणि सेनेका तळ्यांच्या मधला उंचवटा हेक्टरजवळ १८०० फुटांच्या आसपास जातो. उत्तर-दक्षिण रस्ता धरलात तर फक्त लाटा लागतात. पूर्व-पश्चिम वळलात की भिंत. मार्ग आखताना मैल नंतर मोजा. तळ्याकडून वर किती वेळा यावं लागतंय ते आधी मोजा.

८९ चांगला आहे. डांबर चांगलं, तळं झाडांमधून दिसत राहतं. मात्र "तळ्याकाठचा" म्हणून सपाट समजू नका. इथाकातून निघाला की चढतो, कडेकडेने वरखाली होतो, पार्कपाशी पाण्याच्या पातळीला उतरतो आणि ओढा ओलांडला की पुन्हा चढतो. कडेची पट्टी कुठे ऐसपैस, कुठे हातभर. शनिवारी सकाळी १० पर्यंत शांत, नंतर वाईनरीवाल्यांच्या गाड्या सुरू होतात. इथाका ते ट्रूमन्सबर्ग सरळ जाणारा ९६ नंबर टाळा. अंतर वाचतं, पण तो नोकरीधंद्याचा रस्ता, गाड्या वेगात.

शनिवारसाठी दोन पर्याय.

लहान फेरा, २५ ते ३० मैल: पार्कच्या खालच्या पार्किंगमधून ८९ ने उत्तरेला शेल्ड्रेकपर्यंत. तिथून पश्चिमेला वळून इंटरलेकन. दिवसातली मोठी चढण हीच, पण उघड्या शेतांमधून हळूहळू वर नेणारी. मग पठारावरून दक्षिणेला ट्रूमन्सबर्ग, आणि टगॅनक पार्क रोडने खाली. उतरताना वाटेतच धबधब्याचा वरचा कट्टा लागतो. रस्त्याला लागूनच आहे, सायकल भिंतीला टेकवून चार पावलं चालायचं.

मोठा फेरा, साधारण ३५ मैल: ट्रूमन्सबर्गहून २२७ ने पेरी सिटी, रेनल्ड्सव्हिल करत बर्डेट. तिथून ४१४ ने उत्तरेला, सेनेका तळं डाव्या हाताला. हेक्टर फॉल्स इथे अक्षरशः रस्त्याच्या पुलाशी आहे, पण पुलावर थांबू नका, पुढे जागा बघून थांबा. हेक्टर गावातून पूर्वेला वळून फिंगर लेक्स नॅशनल फॉरेस्टचा उंचवटा ओलांडायचा आणि ट्रूमन्सबर्गला परत. चढाई तीन हजार फूट धरा, कमी नाही. आणि सगळ्यात मोठी चढण अर्ध्याहून जास्त फेरा झाल्यावर येते, पाय आधीच बोलत असतात तेव्हा.  

कालव्याकाठचे ४० मैल आणि हे ३५ मैल यांची तुलना करू नका. वेळ दीडपट धरा.

चेनवर_तेल
गिअरचं मी सांगतो, हिशेबासकट.

माणूस, सायकल, बाटल्या मिळून ८५ किलो धरा. १० टक्के चढ. ३४/२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) पेडलचे मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग साधारण ताशी ९.२ किमी आणि लागतात जवळपास २२५ वॉट. ३४/३४ वर तेवढ्याच फेऱ्यांना वेग ७.६ आणि ताकद १८५ च्या आसपास. चाळीस वॉटचा फरक ताज्या पायांना कळत नाही, तिसऱ्या चढाला कळतो. २२५ निघाले नाहीत तर फेरे ४५ वर येतात आणि गुडघा दुखायला लागतो. सपाटीवर सराव असलेल्यांचं नेमकं हेच होतं. दम पुरतो, गिअर संपतो.

म्हणून ११-३४ बसवा. पण नुसती कॅसेट विकत घेऊन भागत नाही.

मागचा डिरेलर बघा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग; त्याचा पिंजरा चेन ताणून धरतो. शिमानो १०५ आर७००० असेल तर आखूड पिंजऱ्याचा एसएस ३० दातांपर्यंतच चालतो, ३४ ला लांब पिंजऱ्याचा जीएस लागतो. पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला कोरलेलं असतं, चिखल पुसून वाचा. एसएस निघाला तर ११-३० वर थांबा. तेवढ्यानेही थोडं हलकं होतं.

शिमानोची ११-स्पीड ११-३४ कॅसेट ११-स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना मागे १.८५ मिमीची चकती घालावी लागते. पुड्यात येते, ती फेकू नका. चकती राहिली तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते आणि गिअर कसेही लावा, एकही जागेवर बसत नाही. लोक मग डिरेलरचे स्क्रू पिळत बसतात. जुन्या १०-स्पीडच्या हबवर ती चकती लागत नाही.

चेनची लांबी तपासा. डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावर गुंडाळा, टोकं भेटतात त्यापुढे किमान दोन कड्या हव्यात. २८ साठी कापलेली चेन ३४ ला बहुधा आखूड पडते. आखूड चेनवर चुकून मोठं-मोठं पडलं की डिरेलर आणि तो ज्यावर बसतो तो हँगर दोन्ही एका झटक्यात जातात. नवी चेन घाला. मग डिरेलरचा बी-स्क्रू फिरवून त्याचं वरचं छोटं चाक ३४ च्या दातांना घासणार नाही एवढं खाली आणा. घासत असेल तर सगळ्यात हलक्या गिअरला घरघर ऐकू येते.

हे सगळं निघायच्या आदल्या रात्री करू नका. दोन आठवडे आधी करा, नवी केबल ताणते आणि पुन्हा जुळवावी लागते.

मोगरा_एडिसन
एका सायकलला जीएस आहे, दुसरीला एसएस. म्हणजे एकीला ३४, एकीला ३०. पुण्यात सिंहगड केलेला आहे (दुसऱ्या सायकलवर, तिला तीन पुढची चक्रं होती). त्याच्या तुलनेत हे कसं?

खालचा_गिअर
सिंहगड एकच, पण लांब. एकदा लय लागली की चढत राहायचं, वर भजी, मग उतार. इथे चढ तोकडे, मैल-दीड मैल, पण संपला म्हणेपर्यंत उतार आणि पुन्हा चढ. लय लागतच नाही. पहिल्या चढावर जोर केला तर चौथ्याला पाय भरून येतात. ३० वाल्याला पुढे ठेवा, तो आपल्या वेगाने जाऊ दे. ३४ वाला मागून निवांत येईल.

रबरी_चप्पल
टायर. २५ मिमीवर येऊ नका असं म्हणत नाही, पण रिम ब्रेकच्या बहुतेक सायकलींत २८ बसतात. ब्रेकच्या कमानीखाली आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंना ४-४ मिमी जागा उरते का ते बघा, उरत असेल तर बदला. वजन ७० किलोच्या आसपास असेल तर ट्यूबसकट २८ ला पुढे ६५, मागे ७० पीएसआय. २५ लाच राहिलात तर ८० आणि ८५. शंभर भरायची सवय असेल तर ती घरी ठेवून या.

कारण तिथले आडरस्ते. उन्हाळ्यात गावोगावची रस्तेखाती डांबर फवारून त्यावर बारीक खडी पसरतात. गाड्यांच्या चाकांनी दोन पट्टे दाबले जातात आणि सुटी खडी कडेला जमते, नेमकी सायकल चालते तिथे. सप्टेंबरपर्यंत बरीच बसलेली असते, पण वळणांवर आणि स्टॉपच्या पाटीच्या चौकात ढीग राहतात. तिथे चाकाच्या दाबलेल्या पट्ट्यातून चालवा, मागून गाडी नसेल तर. खडीत शिरलातच तर ब्रेक सोडा, हँडल सरळ, पॅडल मारत बाहेर या.

ब्लॅक डायमंड: इथाकाच्या कास पार्कपासून टगॅनकपर्यंत ८.४ मैल, दाबलेली दगडी भुकटी. जुना रेल्वेमार्ग असल्याने चढ एक-दीड टक्का, इथाकाकडून धबधब्याकडे सतत हलका वर. कोरड्यात २५ मिमी निभावतात, २८ मजेत. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी नको. ती भुकटी ओली झाली की पिठासारखी चिकटते, ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिम कानस लावल्यासारखी घासते. भुकटी चिकटलीच तर रबरं काढून टोकदार काहीतरी घेऊन खडे उपसा, बारीक सँडपेपर मारा. चेनही धुवा, नुसतं वरून तेल घातलं की लापशी होते.

ट्रेल पार्कात वरच्या अंगाला पोचतो, तळ्याकाठी नाही. खाली जायला टगॅनक पार्क रोडच उतरावा लागतो.

अवांतर: ट्रेलचं नाव लीहाय व्हॅली रेलरोडच्या ब्लॅक डायमंड गाडीवरून. १८९६ ते १९५९ चालली, बफेलोपर्यंत. काळा हिरा म्हणजे दगडी कोळसा. तिचा मार्ग तुमच्या एडिसनशेजारच्या साउथ प्लेनफील्डवरून जायचा.

घाटउतार
चढाबद्दल सगळे बोलले, मी उताराबद्दल लिहितो, कारण हाड तिथे मोडतं.

पठारावरून तळ्याकडे येणारे बरेच आडवे रस्ते सरळ खाली येतात आणि तळाला ८९ ला काटकोनात भिडतात. तिथे स्टॉपची पाटी. पलीकडे तळं. म्हणजे दिवसातला सर्वाधिक वेग आणि दिवसातला सगळ्यात धोक्याचा चौक पाठोपाठ. १० टक्के उतारावर ताशी ६० ने येत असाल तर कोरड्यात थांबायला ६०-६५ मीटर लागतात, ओल्यात रिम ब्रेकला दुप्पट धरा, कारण पहिला चाकाचा फेरा पाणी पुसण्यातच जातो. "पुढे स्टॉप" सांगणारी पिवळी पाटी दिसली की तिथून ब्रेक सुरू, चौक दिसल्यावर नाही.

हात हँडलच्या खालच्या वळणात, बूड सीटच्या मागच्या कडेला, दोन्ही ब्रेक. सतत दाबून धरू नका. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा, म्हणजे रिमला थंड व्हायला उसंत मिळते. कार्बनच्या रिम असतील तर हा नियम पाळाच. आणि वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही.

पार्कचं: रिम ट्रेल आणि गॉर्ज ट्रेलवर सायकल नेता येत नाही. खालून धबधब्याच्या पायथ्यापर्यंत पाऊण मैल जवळजवळ सपाट चाल आहे, ओढ्याच्या काठाने. कुलूप आणा. बुटांच्या तळाशी रोडचा मोठा क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) असेल तर पिशवीत चपला टाका, त्या दगडावर क्लीट घसरतो आणि झिजतो. पार्किंगचं शुल्क मोटारीला आहे, पेडल मारत आलात तर नाही. गाडी ट्रूमन्सबर्गलाच ठेवा. सप्टेंबरात पाऊस झाला नसेल तर धार बारीक असते, बर्फ वितळतानाची गर्जना तेव्हा शोधू नका. कडा आणि घळ मात्र तेवढीच भव्य.

न्यूयॉर्कचे नियम थोडक्यात: उजवीकडून, रहदारीच्या दिशेने. दोघं शेजारी चालवू शकता, मागून गाडी आली की एकामागे एक. घंटी हवी. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून पुढे पांढरा, मागे लाल दिवा सक्तीचा. मागचा दिवा दिवसाही लावा, झाडांच्या सावलीत सायकलवाला दिसत नाही. इअरफोन एकाच कानात.

चेनवर_तेल
+१ मागच्या दिव्याला. द्राक्षं उतरवायचा हंगाम असतो, ट्रॅक्टर आणि ट्रक दोन्ही असतात. आणि दुपारी ३ नंतर ४१४ वर वाईन चाखून निघालेल्या गाड्या. मोठा फेरा घेणार असाल तर ४१४ दुपारी १२ च्या आत मागे टाका. म्हणजे ट्रूमन्सबर्गहून ८ ला निघा.

रबरी_चप्पल
दोन गोष्टी राहिल्या.

ओव्हिड, रोम्युलस भागात घोड्यांच्या बग्ग्या वापरणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांची वस्ती आहे, लहान फेरा उत्तरेला वाढवलात तर बग्ग्या दिसतील. घोड्याला घंटी वाजवून दचकवू नका. लांबूनच आवाज द्या, रुंद वळसा घेऊन जा. लीद ओली असेल तर ती खडीपेक्षा घसरडी. त्यांच्या रस्त्याकडेच्या टेबलावर भाजी-पाव मिळतो, रविवारी बंद. सुटे पैसे ठेवा, कार्ड चालत नाही.

दुसरी: कडेच्या गवतात उतरायची वेळ येतेच (समजून घ्या). बडीशेपेसारख्या चपट्या छत्रीची, पिवळ्या फुलांची, कमरेएवढी झाडं दिसली तर हात-पाय लावू नका. ते रानपार्सनिप. रस त्वचेला लागला आणि वर ऊन पडलं की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात, डाग महिनोन्महिने राहतो. सप्टेंबरात बहुतेक वाळलेलं असतं, पण कापलेल्या कडेला नवे हिरवे देठ फुटतात. लागलंच तर लगेच साबण-पाणी आणि दोन दिवस ती जागा उन्हापासून झाकून ठेवा. गवतात गोचीडही असते. रात्री गुडघ्याची मागची बाजू आणि मोज्याची रेघ तपासा.

मोगरा_एडिसन
भरपूर मिळालं. आता रविवार? आणि मोठ्या फेऱ्यात पाणी कुठे?

खालचा_गिअर
पाणी: ट्रूमन्सबर्गमध्ये दोन्ही बाटल्या भरा, बर्डेट किंवा ४१४ वर पुन्हा भरा. हेक्टर सोडल्यावर जंगलाच्या उंचवट्यावर दुकान नाही, आणि तीच मोठी चढण. हेक्टरला बाटली अर्धी दिसली तर भरूनच वर चढा. जंगलातले आतले रस्ते खडीचे आहेत. फोनचा नकाशा जवळचा म्हणून तिकडे वळवतो, ऐकू नका, डांबर धरून राहा.

रविवारी: ट्रूमन्सबर्गच्या दक्षिणेला हॅल्सीव्हिल रोड धरा. ७९ ओलांडला की तोच ३२७ होतो, एनफिल्डमधून रॉबर्ट ट्रीमन स्टेट पार्कच्या वरच्या फाटकाशी. जाऊन-येऊन वीस-बावीस मैल. उत्तर-दक्षिण आणि पठारावरच, म्हणजे लाटा आहेत, भिंत नाही. वरच्या पार्किंगशी जुनी गिरणी, तिथे सायकल बांधा. खाली पायऱ्या उतरून लुसिफर फॉल्स, ११५ फूट. पायऱ्या दगडी आणि ओल्या, चपला इथेही लागतील. ३२७ ने आणखी खाली १३ नंबरकडे उतरायचा मोह होतो, रस्ता सुंदर आहे. पण उतरलात तर तेवढंच चढून परत यायचं, नाहीतर १३ वरून मोठ्या दुकानांच्या गर्दीतून इथाका गाठायचं आणि तिथून पुन्हा वर. दुपारी गाडी चालवून एडिसन गाठायचंय, गिरणीपाशीच मागे फिरा.

मोगरा_एडिसन
ठरलं. शनिवारी मोठा फेरा, ८ ला निघून; रविवारी गिरणी. पाऊस झाला तर शनिवारी लहान फेरा. २८ चे टायर आणि ३४ ची कॅसेट आजच मागवते. एसएसवाल्या सायकलला ३० मागवताना चकती लागते का?

चेनवर_तेल
नाही. ११-३० ही ११-स्पीड रोडचीच रुंदी, थेट बसते. चकती फक्त ३४ वाल्या सायकलला. दोन्ही पुडे एकदम उघडू नका, तिथेच लोक घोळ घालतात.